मायकल ड्युरंट: 'ब्लॅक हॉक डाऊन'मधल्या पायलटची खरी कारकीर्द

ऑक्टोबर १९९३. जगभरच्या टीव्ही चॅनेल्सवर एक व्हिडिओ दिसायला लागला. सुजलेला चेहरा, अंगावर जखमा, डोळ्यांत भीती. कॅमेऱ्यामागून कुणीतरी इंग्रजीत प्रश्न विचारतंय आणि हा माणूस तुटक उत्तरं देतोय. त्याने नाव सांगितलं, माईक ड्युरंट. काम काय, तर ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर चालवणं.

पुढे या घटनेवर पत्रकार मार्क बोडेन यांनी पुस्तक लिहिलं आणि २००१ मध्ये रिडली स्कॉट यांचा 'ब्लॅक हॉक डाऊन' हा सिनेमा आला. त्यात रॉन एल्डार्ड यांनी ड्युरंट यांची भूमिका केली आहे. त्यामुळे सोमालियातलं हेलिकॉप्टर पाडलं गेलं, पायलट पकडला गेला, एवढी गोष्ट अनेकांना माहीत असते.

पण ड्युरंट तेव्हा १४ वर्षं लष्करात होते. इराणच्या आखातात, पनामात आणि इराकच्या वाळवंटात ते जाऊन आले होते. ज्या तुकडीत ते होते, तिची सगळी ताकद अंधारात उडण्यात होती. मग अशा तुकडीचा अनुभवी पायलट भर दुपारी, गजबजलेल्या शहरावर घिरट्या घालताना कसा पाडला गेला?

अधिकारी नाही, शिपाईही नाही

मायकल ड्युरंट यांचा जन्म २३ जुलै १९६१ चा, गाव बर्लिन. हे जर्मनीतलं बर्लिन नव्हे, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं, कागद गिरण्यांसाठी ओळखलं जाणारं छोटं शहर. शाळा संपल्यावर ऑगस्ट १९७९ मध्ये ते लष्करात भरती झाले, पण पायलट म्हणून नाही. लष्कराने त्यांना कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या भाषा संस्थेत स्पॅनिश शिकायला पाठवलं आणि नंतर पनामात लष्करी गुप्तवार्ता विभागात नेमलं.

हेलिकॉप्टर उडवायचं होतं म्हणून त्यांनी अर्ज केला. अलाबामातल्या फोर्ट रकर इथे अमेरिकी लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट तयार होतात. तिथलं प्रशिक्षण पूर्ण करून नोव्हेंबर १९८३ मध्ये ते वॉरंट ऑफिसर झाले.

हा हुद्दा आपल्याकडच्या वाचकाला जरा गोंधळात टाकतो. भारतीय हवाई दलातही वॉरंट ऑफिसर असतात, पण ते विमान चालवत नाहीत. आपल्याकडे पायलट हा कमिशन मिळालेला अधिकारीच असतो. अमेरिकी लष्करात वेगळी पद्धत आहे. तिथे हेलिकॉप्टर चालवणारे बहुसंख्य लोक वॉरंट ऑफिसर असतात. कमिशन मिळालेला अधिकारी बढती घेत घेत टेबलामागे जातो, कंपनी सांभाळतो, बटालियन सांभाळतो. वॉरंट ऑफिसरने मात्र आपल्या कामात मुरायचं, वर्षानुवर्षं तेच हेलिकॉप्टर उडवत राहायचं, अशी अपेक्षा असते. पदव्या, पथकाचं नेतृत्व यापेक्षा उड्डाणाचे तास हीच त्याची कमाई. ड्युरंट निवृत्त होईपर्यंत याच श्रेणीत राहिले.

पायलट झाल्यावर पहिलं काम मिळालं दक्षिण कोरियात, जखमी आणि आजारी माणसांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात पोचवण्याचं. तिथे त्यांनी ह्युई आणि ब्लॅक हॉक या दोन्ही हेलिकॉप्टरवर अशा दीडशेहून जास्त फेऱ्या केल्या. त्यानंतर केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेलला बदली झाली. याच तळावर एक तुकडी होती, जिच्याबद्दल फारसं उघड बोललं जात नसे.

अंधारात उडणारी तुकडी

ही तुकडी जन्माला आली एका नामुष्कीतून. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांना सोडवायला आठ हेलिकॉप्टर निघाली. धुळीची वादळं आणि बिघाड यांमुळे वापरण्याजोगी पाचच उरली आणि मोहीम रद्द झाली. परतताना एक हेलिकॉप्टर तिथेच उभ्या असलेल्या मालवाहू विमानावर आदळलं आणि आठ जण जागीच मेले. कमांडो तयार होते, पण त्यांना रात्री, लांबवर, अचूक नेऊन सोडणारे पायलट नव्हते, ही गोष्ट त्या रात्री उघडी पडली.

म्हणून १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमधले पायलट निवडून रात्रीच्या उड्डाणाचा सराव सुरू झाला आणि १९८१ मध्ये १६०वी एव्हिएशन बटालियन औपचारिकपणे उभी राहिली. आजचं तिचं नाव १६०वी स्पेशल ऑपरेशन्स एव्हिएशन रेजिमेंट. लोक तिला 'नाईट स्टॉकर्स' म्हणतात. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या ३० सेकंद मागेपुढे पोचायचंच, हा तिचा शिरस्ता. मिनिटांचा नव्हे, सेकंदांचा हिशोब.

अंधारात उडणं म्हणजे नक्की काय, तेही पाहू. पायलट डोळ्यांवर नाईट व्हिजन गॉगल लावतो. चांदण्यांचा अंधुक उजेड तो गॉगल हजारो पटीने वाढवून हिरवट चित्र दाखवतो. पण त्या चित्राची रुंदी साधारण ४० अंश, म्हणजे पुठ्ठ्याच्या नळीतून बघितल्यासारखं. समोरची वायर किती लांब आहे, जमीन किती खाली आहे, याचा अंदाज नीट येत नाही. त्यात हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांना लागून, दिवे बंद, शेजारी दुसरं हेलिकॉप्टर. हे अंगवळणी पडायला शेकडो तास लागतात. मोबदल्यात मिळते एकच गोष्ट, पण फार मोठी: खाली बंदूक घेऊन उभा असलेला माणूस तुम्हाला पाहू शकत नाही.

ते कवच गेलं की काय होतं, हे या तुकडीला १९८३ मध्येच कळलं होतं. ग्रेनाडा बेटावरच्या कारवाईत निघायला उशीर झाला आणि अंधारात पोचायची हेलिकॉप्टर उजाडल्यावर रिचमंड हिल तुरुंगावर पोचली. खालून गोळीबार झाला. कॅप्टन कीथ लुकास मारले गेले. लढाईत मेलेले ते या तुकडीचे पहिले पायलट. 'नाईट स्टॉकर्स डोन्ट क्विट', म्हणजे नाईट स्टॉकर्स हार मानत नाहीत, हे तुकडीचं ब्रीदवाक्य त्यांच्याशी जोडलं जातं. त्याची आद्याक्षरं, 'एनएसडीक्यू', पुढे ड्युरंट यांच्याही गोष्टीत येतात.

ड्युरंट १ ऑगस्ट १९८८ ला या तुकडीत दाखल झाले.

आखात, पनामा, इराक

पहिली मोहीम इराणच्या आखातातली. इराण-इराक युद्धात तेलवाहू जहाजांच्या वाटेत सुरुंग पेरले जात होते. अमेरिकेने समुद्रात मोठे तराफे नांगरून त्यांवर हेलिकॉप्टर ठेवली होती. रात्री पाण्याला जवळजवळ चिकटून उडायचं आणि सुरुंग टाकणाऱ्या बोटी शोधायच्या. समुद्रावर रात्री क्षितिज दिसत नाही, वर आकाश कुठे संपतं आणि खाली पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही. पायलटची कसोटी पाहायला याहून वाईट जागा क्वचितच असेल. ड्युरंट तिथे पोचले तेव्हा ही मोहीम शेवटच्या टप्प्यात होती.

डिसेंबर १९८९ मध्ये पनामाचा हुकूमशहा मॅन्युएल नोरिएगाला हटवण्यासाठी अमेरिकेने हल्ला केला. ज्या देशात ड्युरंट विशीत भाषातज्ज्ञ म्हणून राहिले होते, तिथेच ते आता कमांडोंची हेलिकॉप्टर घेऊन गेले. मग १९९१ चं आखाती युद्ध. सद्दाम हुसेनची स्कड क्षेपणास्त्रं फिरत्या ट्रकवरून इस्रायल आणि सौदी अरेबियावर डागली जात होती. पश्चिम इराकच्या वाळवंटात हे ट्रक हुडकण्याचं काम स्पेशल फोर्सेसकडे आलं आणि त्यांना रात्री आत नेण्याचं काम नाईट स्टॉकर्सकडे.

या तिन्ही ठिकाणी काम साधारण एकाच पद्धतीचं होतं. अंधारात जायचं, झटपट काम उरकायचं आणि शत्रू सावरायच्या आत निघायचं. मोगादिशूत ही पद्धत हळूहळू विस्कटत गेली.

मोगादिशू त्यांच्यावर का चिडलं होतं?

सिनेमात सोमाली लोक म्हणजे बंदुका घेऊन धावणारा जमाव, एवढंच दिसतं. त्यामागचं कारण समजलं नाही तर पुढची गोष्टही अर्धवट राहते.

१९९१ मध्ये सियाद बारेची सत्ता कोसळली आणि सोमालिया टोळीप्रमुखांमध्ये वाटला गेला. दुष्काळ आणि लुटालूट यांत लाखो माणसं उपाशी होती. संयुक्त राष्ट्रांची फौज अन्नधान्य पोचवायला आली. मोगादिशूच्या मोठ्या भागावर जनरल मोहम्मद फराह ऐदीद यांच्या हबर गिदिर टोळीचा ताबा होता. ५ जून १९९३ ला ऐदीदच्या माणसांशी झालेल्या चकमकीत शांतिसेनेतले २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले. तिथून ऐदीदला पकडण्याची मोहीम सुरू झाली.

१२ जुलैला अमेरिकी कोब्रा हेलिकॉप्टरनी मोगादिशूतल्या एका घरावर क्षेपणास्त्रं डागली. तिथे टोळीतल्या ज्येष्ठ मंडळींची बैठक चालू होती. नेमके किती मेले यावर आजही वाद आहे, पण मेलेल्यांत टोळीचे वडीलधारे होते. संतापलेल्या जमावाने त्याच दिवशी चार परदेशी पत्रकारांना ठार मारलं. त्या दिवसापासून शहरातल्या अनेकांच्या लेखी हेलिकॉप्टर म्हणजे शत्रू. त्यातच खालून उडणाऱ्या ब्लॅक हॉकच्या वाऱ्याने बाजारातली दुकानं उधळायची, पत्र्याची छपरं उडायची. हेलिकॉप्टरवर राग धरायला लोकांना राजकारण कळायची गरज नव्हती.

ऑगस्टअखेर 'टास्क फोर्स रेंजर' मोगादिशूत उतरली. यात डेल्टा फोर्सचे कमांडो, रेंजर्स आणि नाईट स्टॉकर्सची हेलिकॉप्टर होती. ३ ऑक्टोबरच्या आधी त्यांनी सहा धाडी टाकल्या होत्या. काही दिवसा, काही रात्री, पण साचा साधारण तोच. शहर बघत होतं, शिकत होतं.

सगळ्यांत मोठा इशारा मिळाला २५ सप्टेंबरला. त्या रात्री १०१व्या डिव्हिजनचं एक ब्लॅक हॉक आरपीजीने पाडलं गेलं आणि तिघे मेले. आरपीजी हे खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी अस्त्र. त्यात लक्ष्याचा माग घेणारी यंत्रणा नसते, सरळ नेम धरून सोडायचं. उडत्या हेलिकॉप्टरला ते लागणं अवघड, म्हणून बरेच जण त्याला नशिबाचा खेळ समजत होते. पण हेलिकॉप्टर एकाच जागी गोल गोल फिरत असेल आणि छपराछपरांवरून एकापाठोपाठ एक आरपीजी सुटत असतील, तर नशिबाचं पारडं फिरतं.

३ ऑक्टोबर, दुपारी ३ वाजून ३२ मिनिटं

रविवार होता. ऐदीदचे दोन महत्त्वाचे साथीदार बकारा बाजाराजवळच्या एका घरात एकत्र येणार असल्याची खबर आली. अशी संधी सांगून येत नाही. रात्रीपर्यंत थांबलं असतं तर ते निघून गेले असते. त्यामुळे दुपारीच निघायचं ठरलं. १९ विमानं-हेलिकॉप्टर, १२ गाड्या, सुमारे १६० माणसं. तासाभराचं काम, असा अंदाज होता.

ड्युरंट यांच्या हेलिकॉप्टरचं सांकेतिक नाव सुपर सिक्स-फोर. सोबत सहवैमानिक रेमंड फ्रँक आणि मागे दोन क्रू चीफ, बिल क्लीव्हलँड आणि टॉमी फील्ड. त्यांनी ठरल्याप्रमाणे रेंजर्सना दोरावरून चौकात उतरवलं आणि ते बाजूला जाऊन फिरत राहिले. ज्यांना पकडायचं होतं ते पकडलेही गेले. तोवर धाड यशस्वी होती.

४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास क्लिफ वॉल्कॉट यांचं सुपर सिक्स-वन आरपीजी लागून कोसळलं. वॉल्कॉट आणि सहवैमानिक डोनोवन ब्रायली जागीच गेले. कार्ल मायर आणि कीथ जोन्स या दोन पायलटनी आपलं छोटं लिटल बर्ड हेलिकॉप्टर थेट गल्लीत उतरवून दोन जखमी सैनिकांना उचललं. शोध आणि बचाव पथक असलेलं एकमेव हेलिकॉप्टरही त्याच जागी गेलं. म्हणजे राखीव पथक वापरून झालं.

आता वॉल्कॉट यांच्या जागी वर घिरट्या घालायला कुणीतरी हवं होतं. हुकूम आला ड्युरंट यांना.

काही फेऱ्यांतच सुपर सिक्स-फोरच्या शेपटीला आरपीजी लागलं. हेलिकॉप्टरचा वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा खालचं धूड उलट्या दिशेने फिरायला बघतं. ते रोखायला शेपटीवर छोटा पंखा असतो. तो गेला की पायलटच्या हातात जवळपास काही उरत नाही. सुरुवातीला सगळं ठीक वाटत होतं. ड्युरंट यांनी विमानतळाची दिशा धरली. मग शेपटीचा पंखा आणि त्याचा गिअरबॉक्स निखळला आणि हेलिकॉप्टर भिंगरीसारखं फिरायला लागलं.

अशा वेळी एकच उपाय असतो. इंजिनं बंद करायची, म्हणजे फिरणं कमी होतं. पण त्याचे दांडे छतावर असतात आणि गरगरत्या हेलिकॉप्टरमध्ये हात वर नेणंही कठीण. फ्रँक यांनी ते दांडे ओढायचा आटापिटा केला. हेलिकॉप्टर उलटं न होता सपाट पडलं, पत्र्याच्या झोपड्यांवर. त्यामुळेच आतली माणसं त्या क्षणी वाचली. ड्युरंट यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि पाठीचा मणका चेचला होता. पहिल्या हेलिकॉप्टरपासून ही जागा दूर होती, आणि इथे पाठवायला जमिनीवर कुणी शिल्लक नव्हतं.

दोन स्नायपर

सुपर सिक्स-टू या हेलिकॉप्टरमध्ये डेल्टा फोर्सचे स्नायपर मास्टर सार्जंट गॅरी गॉर्डन आणि सार्जंट फर्स्ट क्लास रँडी शुगार्ट होते. खाली चारी बाजूंनी जमाव येताना त्यांना दिसत होता. आम्हाला खाली सोडा, अशी त्यांनी परवानगी मागितली. नकार मिळाला. पुन्हा मागितली, पुन्हा नकार. मदतीची तुकडी कधी पोचेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिसऱ्यांदा मागितल्यावर परवानगी मिळाली.

ही परवानगी मागताना आपण काय मागतोय हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. दोन माणसं, हातात रायफल आणि पिस्तूल, समोर शेकड्यांचा जमाव. सिनेमा पाहताना हा प्रसंग पडद्यासाठी रंगवला असेल असं वाटतं, पण नोंदींमधली घटना जवळपास तशीच आहे.

अवशेषांपासून साधारण शंभर मीटरवर उतरून, झोपड्यांच्या बोळांतून ते पोचले. ड्युरंट आणि इतरांना बाहेर काढलं. ड्युरंट यांना एका बाजूला टेकवून बसवलं, हातात त्यांचंच हत्यार दिलं आणि दोघं लढत राहिले. गोळ्या संपत आल्यावर आधी एक गेला, मग दुसरा. शेवटच्या क्षणी ड्युरंट यांना रायफल कुणी आणून दिली यावर दोन मतं आहेत. गॉर्डन यांच्या पदकाच्या मानपत्रात ते नाव गॉर्डन यांचं आहे. बोडेन यांच्या पुस्तकानुसार आधी गॉर्डन गेले आणि रायफल देणारे शुगार्ट होते.

जमाव तुटून पडला. त्या जागेवरून जिवंत सुटले फक्त ड्युरंट, तेही जमावातल्याच एका गटामुळे. जिवंत अमेरिकी पायलट ही सौद्यासाठी मोठी चीज आहे हे बंदूकधाऱ्यांच्या म्होरक्याला कळलं आणि त्याच्या माणसांनी लोकांना मागे रेटलं.

पहिल्या हेलिकॉप्टरजवळ अडकलेल्या सैनिकांना दुसऱ्या दिवशी सकाळी मलेशियन चिलखती गाड्या, पाकिस्तानी रणगाडे आणि अमेरिकेची १०वी माउंटन डिव्हिजन यांनी मिळून बाहेर काढलं. या लढाईत १८ अमेरिकी आणि एक मलेशियन सैनिक मेला. १८ पैकी पाच जण नाईट स्टॉकर्सचे. सोमाली मृतांचे अंदाज काही शेकड्यांपासून हजारापर्यंत जातात आणि त्यांत बायका-मुलंही होती.

११ दिवस

पकडल्यावर ड्युरंट एका हातातून दुसऱ्या हातात गेले. वाटेत दुसऱ्या लुटारू टोळीने त्यांना हिसकावलं आणि ऐदीदच्या माणसांनी पैसे मोजून परत घेतलं. मोडलेली मांडी, उपचार नाहीत, त्यात खोलीत कुणीतरी गोळी झाडून आणखी जखमी केलं. तो व्हिडिओ याच काळातला. निरपराध सोमाली लोकांच्या मृत्यूबद्दल त्यांच्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचा प्रयत्न होता. नाईट स्टॉकर्सना कैदेत कसं वागायचं याचं खास प्रशिक्षण असतं. पूर्ण गप्प राहिलं तर मार, जास्त बोललं तर प्रचाराला खाद्य. त्या मधल्या चिंचोळ्या वाटेने ड्युरंट उत्तरं देत राहिले.

नंतर त्यांची जबाबदारी ऐदीदचे प्रचारप्रमुख अब्दुल्लाही हसन यांच्याकडे आली. लोक त्यांना 'फिरिंबी' म्हणत. फिरिंबी यांनी त्यांच्यासाठी डॉक्टर आणला, अन्नाची सोय केली आणि दोघांमध्ये एक विचित्र मैत्री जमली. रेड क्रॉसच्या प्रतिनिधीला आणि दोन पत्रकारांनाही भेटू दिलं गेलं. घरी पाठवायच्या चिठ्ठीत ड्युरंट यांनी चार अक्षरं लिहिली: एनएसडीक्यू. गुप्त संदेश वाटेल या धास्तीने ती खोडली गेली, पण ज्यांना ती वाचायची होती त्यांना वाचता आली.

शहरावरून फिरणाऱ्या हेलिकॉप्टरमधून लाउडस्पीकरवर ड्युरंट यांच्या नावाने पुकारा केला जाई, आम्ही तुला सोडून जाणार नाही असा. आपल्या तुकडीच्या हेलिकॉप्टरचा आवाज त्यांना ओळखू येत होता.

अमेरिकेचे दूत रॉबर्ट ओकली यांनी टोळीच्या नेत्यांना भेटून सांगितलं की पायलटच्या बदल्यात काहीही मिळणार नाही, पण तो सुटला नाही तर पुढे जे होईल ते शहराला परवडणार नाही. १४ ऑक्टोबरला ड्युरंट यांची सुटका झाली. त्यांच्यासोबत एक नायजेरियन सैनिकही सुटला.

तोवर वॉशिंग्टनमध्ये चित्र पालटलं होतं. मारलेल्या अमेरिकी सैनिकांचे मृतदेह मोगादिशूच्या रस्त्यांवरून फरफटत नेल्याची दृश्यं घराघरात पोचली होती. ७ ऑक्टोबरलाच राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ३१ मार्च १९९४ पर्यंत सैन्य परत आणण्याची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये रणगाडे आणि चिलखती गाड्या पाठवायची मागणी फेटाळणारे संरक्षणमंत्री लेस ॲस्पिन यांनी डिसेंबरमध्ये राजीनामा जाहीर केला. पुढच्याच वर्षी रवांडात नरसंहार सुरू झाला तेव्हा अमेरिका हात आखडून बसली, त्यामागे मोगादिशूची धास्ती होती असं बहुतेक अभ्यासक मानतात.

२३ मे १९९४ ला गॉर्डन आणि शुगार्ट यांना मरणोत्तर 'मेडल ऑफ ऑनर' देण्यात आलं. हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान व्हिएतनाम युद्धातल्या शौर्यानंतर प्रथमच कुणाला मिळत होता. त्या समारंभात शुगार्ट यांच्या वडिलांनी क्लिंटन यांच्याशी हस्तांदोलन करायला नकार दिला.

पुन्हा कॉकपिटमध्ये

ड्युरंट यांच्या नावावर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, ब्राँझ स्टार, पर्पल हार्ट, एअर मेडल आणि युद्धकैद्यांना मिळणारं प्रिझनर ऑफ वॉर मेडल अशी पदकं आहेत. पायलटच्या दृष्टीने यातलं पहिलं मोलाचं, कारण ते उड्डाणातल्या कामगिरीसाठी मिळतं. पर्पल हार्ट जखमी झाल्याबद्दल मिळतं.

पण त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यांत चिवट कामगिरी बहुधा पदकांच्या यादीत नाही. मणका आणि मांडी यांची मोडतोड झालेला पायलट सहसा पुन्हा हेलिकॉप्टर चालवत नाही. ब्लॅक हॉकच्या पायलटला दोन्ही पायांनी सतत पेडल दाबत राहावं लागतं आणि त्या थरथरीत तासन् तास पाठ ताठ ठेवावी लागते. ड्युरंट उपचार आणि व्यायाम करून नाईट स्टॉकर्समध्ये परतले, आणि पुन्हा उडाले. २००१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर ३,७०० हून जास्त उड्डाण तास होते. त्यातले १,४०० हून जास्त नाईट व्हिजन गॉगल लावून केलेले.

निवृत्तीनंतर

२००३ मध्ये त्यांनी स्टीव्हन हार्टोव्ह यांच्यासोबत कैदेच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. २००६ मध्ये दुसरं आलं, नाईट स्टॉकर्स तुकडीवर. २००८ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे त्यांनी 'पिनॅकल सोल्युशन्स' ही कंपनी काढली. तिचं काम लष्करी प्रशिक्षण आणि सिम्युलेटरचं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच उभं केलेलं कॉकपिट. शेपटीचा पंखा तुटल्यावर काय करायचं, याचा सराव खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये करता येत नाही. तो अशाच यंत्रात होतो.

राजकारणातही त्यांनी उडी घेतली. अलाबामाचे ज्येष्ठ सिनेटर रिचर्ड शेल्बी निवृत्त होणार होते, त्या जागेसाठी २०२२ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरले. प्रचारात हेलिकॉप्टर आणि मोगादिशू होतंच. काही काळ ते आघाडीवरही दिसले. पण २४ मे २०२२ च्या मतदानात केटी ब्रिट आणि मो ब्रुक्स यांच्या मागे ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि पुढे ब्रिट सिनेटर झाल्या.

गॉर्डन आणि शुगार्ट यांची नावं अमेरिकी नौदलाच्या दोन मालवाहू जहाजांना दिली आहेत. लुईझियानातल्या फोर्ट पोक इथे शहरातल्या लढाईच्या सरावासाठी बांधलेल्या नकली गावालाही याच दोघांचं नाव आहे.